अठराव्या अल्बमसाठी ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनला खुले पत्र

प्रिय स्टीव्ह, ब्रूस, डेव्ह, एड्रियन, जॅनिक, सायमन आणि निको,

विषयाला थेटच हात घालते. आम्हाला तुमचा नवा अल्बम हवा आहे, तुमचा अठरावा. 'सेन्जुत्सू' 3 सप्टेंबर 2021 ला आला. त्यानंतर मोठे दौरे झाले, बँडच्या पन्नाशीचा सोहळा सुरू झाला. ब्रूस, तुमचा स्वतःचा 'द मॅन्ड्रेक प्रोजेक्ट' मार्च 2024 मध्ये आला. एड्रियन, तुम्ही गिटारवादक रिची कोट्झनबरोबर दुसरा अल्बम केलात. स्टीव्ह, तुम्ही सवड मिळेल तेव्हा तुमचा दुसरा बँड 'ब्रिटिश लायन' घेऊन छोट्या जागांमध्ये वाजवत राहिलात. म्हणजे सांगण्यासारखे तुमच्याकडे अजून भरपूर आहे. ते आता आयर्न मेडनच्या नावाने यावे, यासाठी हे पत्र.

मी ठाण्यात राहते आणि शाळेत इतिहास शिकवते. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, पणजी इथले तुमचे जे श्रोते माझ्या ओळखीचे आहेत, ते सगळे देव पाण्यात घालून बसले आहेत. मुलाखतीत तुमच्यापैकी कुणी नव्या गाण्यांबद्दल "बघू" एवढे जरी म्हणाले, तरी ते वाक्य रात्रभर आमच्या ग्रुपवर फिरत राहते.

आमच्यात दुसरे मत असलेलेही आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांचे म्हणणे असे की स्टीव्ह आणि डेव्ह 1956 चे, एड्रियन आणि जॅनिक 1957 चे, ब्रूस 1958 चे. माणसे सत्तरीला आली, सतरा अल्बम दिले, आता नवे काही नको; जुनी गाणी वाजवावीत, आपण गळा फाडून म्हणावीत आणि घरी जावे. 2025 च्या मे महिन्यात बुडापेस्टला सुरू झालेल्या तुमच्या दौऱ्यात फक्त 1980 ते 1992 मधल्या अल्बमांचीच गाणी आहेत, हे कळल्यावर या मंडळींना फार आनंद झाला होता.

ती गाणी मलाही तोंडपाठ आहेत. 'फिअर ऑफ द डार्क'ची कॅसेट मी इतक्यांदा वाजवली की तिची फीत ताणली गेली आणि ब्रूस यांचा आवाज एका जागी खाली घसरायला लागला. तरीही त्या मताला माझा ठाम विरोध आहे. नवे गाणे लिहिणे थांबवलेला बँड कितीही छान वाजवत असला तरी तो स्वतःच्या आठवणी वाजवत असतो. तुम्ही तसे कधीच वागला नाहीत. 1999 मध्ये बँड सोडून गेलेले ब्रूस आणि एड्रियन परत आले तेव्हा जुन्या गाण्यांवर पुढची वीस वर्षे आरामात निघाली असती. त्याऐवजी तुम्ही एड्रियनच्या जागी आलेल्या जॅनिकला बाजूला न करता तीन गिटारी ठेवल्यात, 2000 साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' केलात आणि त्यानंतर आणखी पाच अल्बम. 2006 च्या दौऱ्यात तर तुम्ही तेव्हा नवा असलेला 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, अख्खा वाजवलात. लोक जुन्या गाण्यांसाठी ओरडत होते आणि तुम्ही बधला नाहीत. माझ्या लेखी बँडच्या इतिहासातला तो सर्वांत अभिमानाचा दौरा आहे.

आमच्या बाबतीत काय झाले तेही सांगते. 17 मार्च 2007 ला तुम्ही पहिल्यांदा भारतात आलात, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. तेव्हा तो अल्बम ताजा होता आणि त्यातली गाणी तिथल्या लोकांना ऐकायला मिळाली. मुंबईला तुम्ही आलात 1 फेब्रुवारी 2008 ला. त्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आमच्या बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात होता, आणि ब्रूस, बँडचे विमान तुम्ही स्वतः चालवत आणलेत, हे आम्ही आजही नव्या पोरांना सांगतो. मैदानावर धूळ उडत होती. ईशान्येकडून रेल्वेने दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेली मुले आमच्या शेजारी उभी होती, त्यांच्या पाठीवर अजून सामानाच्या सॅक होत्या. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'च्या मधल्या शांत भागात, जिथे जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येते, तिथे त्या मुलांपैकी एकाने डोळे मिटले होते आणि तो ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत होता.

पण तो दौरा मुळातच ऐंशीच्या दशकाच्या उजळणीचा होता. 1992 नंतरचे एकही गाणे त्या रात्री वाजले नाही. पुढच्या वर्षी बंगळूरला आलात तेही त्याच दौऱ्यात. म्हणजे महाराष्ट्राने तुमचे नवे गाणे, नवे असताना, प्रत्यक्ष कधीच ऐकलेले नाही. पन्नाशीच्या दौऱ्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहते ते यासाठी. ज्यांनी दर दोन-तीन वर्षांनी तुम्हाला पाहिले आहे त्यांना जुन्या गाण्यांची मेजवानी हवीशी वाटणारच. आम्हाला मात्र तुमच्या आजच्या गाण्यांची भूक आहे.

या गाण्यांनी इथे काय केले आहे त्याचे एक उदाहरण देते. पहिल्या महायुद्धाचा धडा आला की मी वर्गात 'पॅशनडेल' लावते, 2003 च्या 'डान्स ऑफ डेथ'मधले. सुरुवातीचे ते हलके, टोचणारे ठोके आणि त्यांवर दबकत चालणारी गिटार ऐकताना मुले एकमेकांकडे बघून हसत असतात. मग सगळी वाद्ये एकदम कोसळतात आणि वर्ग गप्प होतो. गाणे संपल्यावर मी त्यांना पॅशनडेलच्या 1917 च्या लढाईतला तो चिखल, ते खंदक यांबद्दल सांगते, आणि जवळच्या, बेल्जियममधल्या यीप्र शहरातल्या मेनिन गेट या स्मारकावर भारतीय सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत हेही सांगते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "बाई, हे खरंच झालं होतं?" पाठ्यपुस्तक वाचून हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.

'एम्पायर ऑफ द क्लाउड्स'ही मी त्यांना ऐकवते, सलग नाही, तुकड्यातुकड्याने, कारण अठरा मिनिटे म्हणजे अर्धी तासिका संपली. आर-101 हे प्रचंड हवाई जहाज 5 ऑक्टोबर 1930 ला फ्रान्समध्ये कोसळले आणि 48 माणसे गेली, ही गोष्ट ब्रूस यांनी पियानोवर बसून रचली. ते जहाज कराचीला निघाले होते, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातच येत होते, हे सांगितले की मुले नकाशा काढतात. (आणि स्टीव्ह, 'अलेक्झांडर द ग्रेट' 1986 नंतर थेट 2023 मध्ये पहिल्यांदा मंचावर वाजवलेत त्याबद्दल मनापासून आभार. फक्त एक सांगायचे राहिले होते: गाण्यात त्याचे सैन्य भारतात यायला तयार झाले नाही असे आहे, पण ते अडले ते बियासच्या काठावर. त्याआधी सिंधू ओलांडून, झेलमवर पोरसशी लढून झाले होते.)

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे आणि तुमचे सतराही अल्बम त्याने ऐकले आहेत. 'सेन्जुत्सू' आला तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. त्याच्यासाठी तुमचा प्रत्येक अल्बम आधीच येऊन गेलेला आहे. मेडनच्या नव्या अल्बमची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नाही, आणि त्याने ते अनुभवावे असे मला फार वाटते.

कारण ते दिवस काही औरच असतात. 2021 चा उन्हाळा आठवा. जग घरात कोंडलेले. तुम्ही 2019 मध्येच पॅरिसच्या गिलोम टेल स्टुडिओत अख्खा अल्बम रेकॉर्ड करून ठेवला होता आणि दोन वर्षे त्याची कुणाला कुणकुण लागू दिली नव्हती. मग अचानक 'बेल्शझारची मेजवानी' अशी पोस्टर्स दिसू लागली, खाली 15 जुलै ही तारीख. आमच्यातला एक जण बायबल उघडून बसला. दानिएलच्या पुस्तकातली ती कथा, राजाच्या भिंतीवर हात उमटतो आणि अक्षरे लिहितो, ती त्याने आम्हाला फोनवर वाचून दाखवली. दुसऱ्याने भिंत आणि लिखाण यांवरून गाण्याचे नाव ताडले. 'द रायटिंग ऑन द वॉल' आले तेव्हा एड्रियन यांच्या त्या सुरुवातीच्या गिटारने सगळ्यांना चकवले, कारण असे काही कुणाच्याच डोक्यात नव्हते. महासाथीच्या त्या महिन्यांत आमच्या घराघरांत वाईट बातम्यांखेरीज काही येत नव्हते. त्या दिवसांत वाट पाहावी असे काहीतरी तुम्ही आम्हाला दिलेत. म्हणून नवा अल्बम तयार होत असेल तर आत्ता काही सांगू नका, खुशाल गुपित ठेवा. पोस्टर लावा, खुणा सोडा. आम्ही शोधू.

आता गाण्यांबद्दल थोडे. तुमच्या लांब गाण्यांवर टीका खूप होते. 'सेन्जुत्सू' सुमारे 82 मिनिटांचा, त्यातली शेवटची तीन गाणीच मिळून 34 मिनिटांची, तिन्ही एकट्या स्टीव्ह यांनी लिहिलेली. कात्री लावा, असे सल्ले तुम्हाला पुष्कळ मिळाले असतील. कृपा करून ते ऐकू नका. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत लोक शाल पांघरून बसतात आणि एका रागाला तासभर देतात. विलंबितात गायक एकेक स्वर जागेवर आणून ठेवतो, तेव्हा कुणी घड्याळ पाहत नाही, कारण पुढची द्रुत बंदिश त्या संथपणातूनच वर येणार असते. 'हेल ऑन अर्थ' मला त्याच कानांनी ऐकता आले. पहिली दोन मिनिटे नुसत्या शांत तारा. खाली स्टीव्ह यांचा बेस, पिक न लावता बोटांनी छेडलेला, त्यामुळे प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला तारेचा तो टणत्कार. मग ड्रम येतात, बेस दौडायला लागतो, आणि आत्तापर्यंत जी ओळ उदास वाटत होती तीच अंगावर काटा आणते. ती दोन मिनिटे कापली तर पुढच्या नऊ मिनिटांत काही उरत नाही. तुम्हाला बारा मिनिटे लागत असतील तर बारा घ्या, अठरा लागत असतील तर अठरा.

मागायचे आहे ते वेगळेच, आणि त्यात पहिले डेव्ह यांच्यासाठी. डेव्ह, 'सेन्जुत्सू'च्या दहा गाण्यांत एकाही गाण्याच्या श्रेयात तुमचे नाव नाही. तुमच्या वाट्याला अल्बमात एखादेच गाणे येते हे मान्य, पण 'स्टिल लाइफ', 'द प्रॉफेसी', 'जुडास बी माय गाइड', 'द मॅन ऑफ सॉरोज' ही सगळी तुमचे नाव असलेली. त्यांत एक हळवी सुरावट असते, ती बाकीच्यांच्या गाण्यांत सापडत नाही. या वेळी एक तरी गाणे तुमचे असू द्या.

दुसरे, ध्वनिमुद्रणाचे. निर्माते केविन शर्ली यांच्याबरोबर 2000 पासून तुम्ही एकत्र उभे राहून वाजवता आणि ते तसेच रेकॉर्ड करता, त्यामुळे गाण्यांत जिवंतपणा येतो. पण तीन गिटारी एकमेकींत मिसळून जातात. हेडफोन लावून बसले की डावीकडची आणि उजवीकडची कळते, तिसरी कुठे गेली ते शोधावे लागते. 'पीस ऑफ माइंड'मध्ये तुमचे तेव्हाचे निर्माते मार्टिन बर्च यांनी प्रत्येक वाद्याला आपापली जागा दिली होती. तिथे दोनच गिटारी होत्या, हे खरे. तरी तिघांपैकी कोण काय वाजवतो आहे हे ऐकू यावे, एवढी अपेक्षा आहे. जॅनिक यांची गिटार तर आम्हाला मंचावर जितकी दिसते तितकी अल्बमात ऐकू येत नाही.

आणि ड्रम. अठराव्या अल्बमबद्दल आमच्या मनात सर्वांत जास्त धाकधूक आहे ती इथे. 1982 च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'वर क्लाइव्ह बर होते. त्यानंतर 'पीस ऑफ माइंड'पासून 'सेन्जुत्सू'पर्यंत प्रत्येक अल्बमवर निको, फक्त निको. माझ्या पिढीला दुसरा कुणी माहीतच नाही. निको, 'व्हेअर ईगल्स डेअर'ची सुरुवात मी आजही आधी एकदा नुसती ऐकते, मग मागे जाऊन पुन्हा ऐकते. बँडमध्ये नवा आलेला माणूस, पहिल्या अल्बमचे पहिले गाणे, आणि सुरुवातीला तो एकटाच, ड्रमवरून गरगर फिरत आलेले हात. पुढे त्या गाण्यात एका पेडलवर, एका उजव्या पायाने जो वेग धरलात, त्यासाठी बाकीचे लोक दोन पेडल वापरतात. तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये दोन पेडल वापरलेत ते 'फेस इन द सँड'साठी. जानेवारी 2023 मध्ये तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला, उजव्या हातातली ताकद गेली. मे संपायच्या आत ल्युब्लियानाला तुम्ही पुन्हा ड्रममागे बसला होतात. काही जलद जागा बदलून वाजवाव्या लागल्या, पण दौरा पूर्ण केलात, आणि 7 डिसेंबर 2024 ला साओ पाउलोत दौऱ्यांचा निरोप घेतलात. त्या कार्यक्रमाचे व्हिडिओ बघताना आम्ही रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सायमन, आता ती जागा तुमची आहे. जुन्या गाण्यांत क्लाइव्ह आणि निको यांनी बांधलेले तुम्हाला तसेच वाजवावे लागते, त्याला इलाज नाही. नव्या अल्बममध्ये मात्र तसे करू नका. 'ब्रिटिश लायन'मध्ये तुम्ही स्टीव्ह यांच्याबरोबर बरीच वर्षे वाजवले आहे, त्यांच्या बेसची चाल तुमच्या अंगात मुरलेली आहे. गाणी लिहिली जात असताना तुम्ही खोलीत असा, आणि तुमचा ठोका तुमचाच असू द्या. आम्ही तुलना करणार, हे नक्की. पहिले काही दिवस काही जण नावेही ठेवतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आणि निको यांची तब्येत साथ देत असेल तर एखाद्या गाण्यात, एखाद्या छोट्याशा वाद्यावर का होईना, त्यांचाही हात असावा, ही माझी स्वतःची इच्छा.

वेळेचे म्हणाल तर आम्हाला घाई नाही, आणि तरी आहे. 'द बुक ऑफ सोल्स'च्या वेळी रेकॉर्डिंग झाल्यावर ब्रूस यांना जिभेच्या मागच्या बाजूला कर्करोग निघाला. अल्बम पुढे ढकलला गेला, तेव्हा कुणाच्या तोंडून तक्रारीचा शब्द निघाला नाही. माणूस बरा व्हावा, अल्बम येईल तेव्हा येईल, असेच सगळे म्हणत होते. आजही तसेच म्हणू. पण 1980 ते 1984 या पाच वर्षांत पाच अल्बम देणाऱ्या तुमच्या अलीकडच्या दोन अल्बमांमध्ये सहा वर्षांचे अंतर पडले, आणि क्लाइव्ह, मार्टिन बर्च, तुमचे पूर्वीचे गायक पॉल डिॲनो आता नाहीत. पुढच्या वेळी हे अंतर आणखी वाढू नये, म्हणून मी आत्ताच लिहिते आहे.

शेवटचे थोडे बँडचे व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड यांना, कारण दौऱ्याचा नकाशा तुमच्या टेबलावर तयार होतो. रॉड, नव्या अल्बमचा दौरा ठरवताना मुंबईचा विचार करा. 2008 मध्ये इथे एवढ्या मोठ्या कार्यक्रमांची सवय कुणालाच नव्हती. आता नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 2019 साली यू-टू येऊन गेले, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, त्याच वर्षी मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस वाजले. जागा आहेत, माणसे आहेत. दोन गोष्टी तेवढ्या बघा. उघड्या मैदानावरचे लाउडस्पीकर आमच्याकडे रात्री दहाला बंद करावे लागतात, म्हणून कार्यक्रम लवकर सुरू करा, म्हणजे शेवटची गाणी गाळायची वेळ येणार नाही. आणि मंचासमोरची जागा महागड्या तिकिटांसाठी दोरखंड लावून अडवू देऊ नका. डोंबिवली-विरारहून लोकलने येणारी, वर्षभर पैसे साठवणारी पोरे पुढे उभी राहिली तर तुमच्या बँडला इथला खरा आवाज ऐकू येईल.

2022 च्या दौऱ्यात तुम्ही जपानी राजवाड्याच्या सजावटीत कार्यक्रम सुरू करायचात आणि सलग पहिली तीन गाणी 'सेन्जुत्सू'ची वाजवायचात. मुंबईत तसेच करा. पहिली तीन गाणी अठराव्या अल्बमची, एकामागोमाग एक. तुमचे जुने 'द ट्रूपर' आम्ही नंतर म्हणू.

तुमची,
ठाण्याची एक श्रोती